बांधानं पाणी धरलं होतं का? नांदेड ते शिरूर अनंतपाळ, मायसोबत

लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, ही बातमी टीव्हीवर चालली होती. माय नांदेडच्या आमच्या घरात शेंगा फोडत बसली होती. "आमचा तलाव असता तर..." एवढंच म्हणाली.

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात सरकारी कामावर पाझर तलाव झाला. त्याच्या बांधावर मायनं मुरूम वाहिला. शेवटचे महिने मी पोटात होतो. पाऊस पडायच्या आत वडिलांना मुदखेडला रेल्वेत गँगमनचं काम मिळालं आणि आमचं बिऱ्हाड उठलं. तलाव भरलेला तिनं पाहिलाच नाही. पुढं माझे चुलते दर लग्नात तिला ऐकवायचे, "वच्छलावहिनी, तुमचा बांध पहिल्याच पाण्यात गेला की!" माय हसून घ्यायची. ते हसणं मी लहानपणापासून बघत आलोय.

"उद्या जाऊ," मी म्हणालो. "माझ्याकडं पुरावा आहे."

पुरावा म्हणजे उपग्रहाचा फोटो. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेनं जमिनीवर नजर ठेवायला पहिला उपग्रह सोडला. दर अठरा दिवसांनी तो त्याच जागेवर यायचा. तो थकला, दुसरे आले. ती साखळी आजही चालू आहे, आणि जुने फोटो कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मी बारावी नापास, फोटो स्टुडिओवाला. हे फोटो वाचायला कुठल्याही कॉलेजात न जाता शिकलो. त्या जुन्या फोटोत एक ठिपका म्हणजे साधारण ऐंशी मीटर. माणूस दिसत नाही, घर दिसत नाही. पाणी मात्र अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, उजेडात काळं कुळकुळीत उमटतं. बांधानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यातल्या फोटोत, गावाजवळ, मला असा काळा डाग सापडला होता.

सकाळी सहाची लातूर गाडी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगतो: नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, मग आष्टामोड. तिथं उतरायचं आणि नळेगावमार्गे शिरूरची जीप धरायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ धरून चाला. पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच घ्या. लोह्याच्या स्टँडवर भजी गरम मिळाली, चहा मात्र नुसता गोड.

मायचं अर्धं तिकीट फाडताना कंडक्टरनं विचारलं, "कुठं, आजी?"

"उस्मानाबाद जिल्ह्यात."

"ही गाडी लातूरला जाती."

"आरं, आमचं गाव उस्मानाबादातच हाय."

"आजी, लातूर जिल्हा होऊन चौतीस वर्षं झाली!"

"मला कुणी इचारलं का?" माय म्हणाली. सगळी गाडी हसली.

माझीही अडचण तीच झाली होती. तलावाचे कागद जुन्या जिल्ह्यात राहिले की नव्यात आले, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उपग्रहाला जिल्हा ठाऊक नाही, एवढाच आधार.

गावात मायची जुनी जोडीदारीण गयाबाई ओसरीवरच होती. दोघी टोपल्या घेऊन जोडीनं कामावर जायच्या. "जय भीम" झाला, आणि गयाबाईनं मायला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वच्छे, लई सुटलीस गं! नांदेडात टोपलं न्हाई वाटतं डोक्यावर."

"तुजं तोंड तवापासनं सुटलेलंच हाय."

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीची आमटी खाऊन आम्ही तिघं निघालो. मोबाइलवरच्या खुणेप्रमाणं ओढा ओलांडला आणि मी एका नांगरलेल्या शेतात थांबलो. "इथं होतं पाणी."

गयाबाई कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. "आरं बाबा, हे काळं रान हाय. हितं कवा पाणी? नांगरलं की आसंच काळंभोर दिसतंय."

ओली, नुकती नांगरलेली काळी माती फोटोत फसवते, हे मला माहीत असायला हवं होतं. माय शेताच्या बांधावर बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजे भावजी खरं बोलत हुते."

"निम्मं खरं," गयाबाई म्हणाली. "पयल्या पाण्यात फुटला. मंग आमी बायांनीच बुजवला. त्येच्यावर पाच पावसाळं टिकला. चल, दावते."

ओढ्याच्या वरच्या अंगाला बाभळींखाली मुरमाचा लांब उंचवटा उरला होता. आत एका शेतकऱ्यानं गाळासाठी खड्डा घेतला होता. त्याच्या भिंतीत मऊ गाळाचे पदर होते, आणि पदरांत बारीक पांढरे शिंपले, साचलेल्या पाण्यात होतात तसे. मायनं एक शिंपला नखानं उकरला, तळहातावर ठेवला.

मी मोबाइलमधला दुसरा फोटो उघडला, त्याच तिसऱ्या हिवाळ्याआधीच्या ऑक्टोबरचा. याच जागी कोयत्यासारखा एक डाग होता. ढगाची सावली म्हणून मी तो टाकून दिला होता. त्या फोटोतले ढग सगळे एका कोपऱ्यात, सावल्या त्यांच्या पश्चिमेला. हा डाग मात्र एकटा, आणि त्याची एक कड सरळ. ढगाला सरळ कड नसते. बांधाला असते. उन्हात मी दोघींना ते पाणी दाखवलं. गयाबाई म्हणाली, "आत्ता कसं?"

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "हे फोटो सांगितल्यावर काढत्यात का?"

"नाही. कुणी विचारायच्या आधीच काढून ठेवलेले असतात."

"मंग आमी कामावर हुतो तवा बी काढला आसंल."

"असेल. पण माणूस दिसत नाही, माय."

"दिसत न्हाई म्हंजे काय? हुतोच की तिथं."

घरी आल्यावर आठवडाभर मी त्र्याहत्तरच्या सुरुवातीचे फोटो चाळले. एक स्वच्छ मिळाला. काळ्या रानात चार ठिपके, ओळीनं, आजूबाजूपेक्षा उजळ. ताजा उकरलेला मुरूम असावा. यावेळी मी पैज लावत नाही. मोठा करून छापला आणि मायपुढं ठेवला. चुलत्यांना फोन करू का, विचारलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. मग चष्मा पुसून दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही मी. आन ही शेजारची गया."

डावीकडून दुसरा ठिपका. मी त्याची फोटोतली ओळ आणि रकाना वहीत लिहून ठेवला.