गवतसाहेब आणि देवळासमोरची वाट

गुरांपुढे टाकायचे गवत गवतसाहेब आधी स्वतः चावून बघत. चव पटली नाही तर थुंकून म्हणत, "याच्या केरसुण्या करा." महायुद्ध संपल्यावर खालापूरकडच्या डोंगरपायथ्याच्या सरकारी कुरणावर त्यांची नेमणूक झाली. ते घाटावरचे, शेतकी कॉलेजात शिकलेले. मी नुकताच मॅट्रिक झालेला, त्यांचा कारकून.

मुंबईच्या खाटकांकडे जाणारी गुरे डोंगर न ओरबाडता कशी पोसावीत, हा त्यांचा प्रयोग. काटेरी वई घालून त्यांनी कुरणाचे चार तुकडे केले. एकात चराई, बाकीचे बंद. गवत वाळण्याआधी, फुलोऱ्यातच कापायचे. गाव पाठीमागे त्यांना 'कसाईसाहेब' म्हणे. ते त्यांना ठाऊक होते. "मरायचंय म्हणून उपाशी ठेवायचं, हे कुठल्या धर्मात बसतं?" असे ते उलट विचारीत.

माझे वडील गुरांचे दलाल. गावाची थकलेली जनावरे ते खाटकासाठी अंधारात, खिंडीच्या आडवाटेने नेत. ज्यांची जनावरे नेत तेच त्यांना पंगतीत लांब बसवीत.

कुरणातली पहिली गुरे तयार झाली. साहेबांनी दोरीने त्यांच्या छातीचे घेर मोजले, खूश झाले आणि ती मुंबईला धाडायला वडिलांना बोलावले. स्टेशनाचा सरळ रस्ता देवळासमोरून जात होता. पाटील चारचौघांना घेऊन आडवे आले.

"सायेब, रातीचं खिंडीनं न्या. देवळासमोरनं नाय."

"कुरणात गुरांनी कमावलेलं सगळं मांस खिंडीच्या चढात झडेल, पाटील. मग मुंबईला काय दाखवू?"

"आमाला काय त्याचं?"

"तुमचा ढवळ्या शिमग्याला कुठं गेला?"

"इकला. पण जनावर इकलं तरी दावं घरीच ऱ्हातं, ते ठेवलंय गोठ्यात. आमी रीत मोडली नाय."

"दावं ठेवलं म्हणजे बैल ठेवला होय?"

पाटलांबरोबरचा एक म्हातारा हसला. "पाटला, दाव्याला चारा घाल रं आता!" पाटील संतापले. "वर अर्ज करीन. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. गुरं दिवसाच जातील." साहेबांनी पुढच्या बैलाची दोरी वडिलांच्या हातात दिली. "चला दादा. मान वर करून."

वडिलांना 'दादा' म्हणालेला पहिला मोठा माणूस तो. भर उन्हात गुरे देवळासमोरून गेली. साहेब गवताची काडी चघळत वडिलांच्या बरोबरीने चालत होते.

अर्ज गेला. साहेबांची बदली झाली, वई लोकांनी जळणाला नेली. कर्जत स्टेशनावर निरोप देताना मी म्हणालो, "साहेब, हरलो आपण."

"कुरण हरलं. तू कॉलेजात जा. लपवायला नव्हे, सांगायला शिक."

पुढे कॉलेजात प्रवेशाच्या वेळी प्राध्यापकांनी विचारले, "वडील काय करतात?" शेजारचा सोबती कुजबुजला, "शेती सांग रे."

"गुरांचे दलाल आहेत," मी म्हणालो. "खाटकाला गुरं विकतात. दिवसा."