भावोजींची न दिसणारी नळी

आमच्या भावोजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांनी, वसईतलं एकही भांडं न वाजवता सोडलं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर पीएचडी करत होते. केसाहून हजारो पट बारीक नळी द्रवात बुडाली की कशी थरथरते, एवढाच त्यांचा प्रश्न. नळी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. सगळा संसार गणितातला. "न दिसणाऱ्या नळीपायी दिसणारी बायको विसरलात," असं ताई म्हणायची. "तू कोरडी वाजतेस ना, म्हणून आवाज मोठा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रिकामा पेला टणकन वाजतो आणि भरलेला जाड आवाजात, हे ते प्रत्येक घरी सरबत पिण्याआधी दाखवत. एकदा आमच्या सत्यनारायणाला त्यांनी कलशावर हळूच चमचा मारला. कथेचा तिसराच अध्याय चालला होता, पण मागे बसलेल्या बायकांना वाटलं घंटा झाली. त्यांनी आरतीच धरली. भटजी हतबल होऊन टाळ्या वाजवू लागले. भावोजी माझ्या कानाशी म्हणाले, "मेव्हणीबाई, प्रयोग बिघडला. कलशावर नारळ होता."

प्रबंध लिहून तयार होता, तरी ते तो देईनात. आईला समजल्याशिवाय द्यायचा नाही, असा त्यांचा पण. केळीची वाडी एकटीने राखून तिनेच त्यांना शिकवलं होतं. मार्गदर्शकांनी दिवाळीनंतर एक दिवसही थांबणार नाही, असं बजावलं. ताईने देव पाण्यात ठेवले. भावोजींनी पपईचा देठ पाण्यात ठेवला.

दिवाळीच्या आदल्या सकाळी विहिरीवर त्यांनी तो पोकळ देठ पुन्हा एकदा आईंसमोर धरला. हवेत टिचकी मारली, तो झरझर हलला. बादलीत बुडवून मारली, तर दोनदा संथ डुलून थांबला.

"का गं आई?"

आई कपडे पिळत म्हणाल्या, "एकट्याने हलायचं असतं तर हलला असता रे झरझर. आता भोवतीचं पाणी पण त्यालाच हलवायचंय. दमणारच."

भावोजी ओरडले, "झालं! आई पास!" आणि ओल्या पायांनीच प्रबंध आणायला धावले.

परवा भावोजींचं वर्षश्राद्ध झालं. पानं वाढायच्या आधी ताईने सगळे पेले भरले आणि कुणीही ते वाजवले नाहीत. मी मागच्या दारी जाऊन पपईचा एक देठ तोडला, बादलीत धरला, टिचकी मारली.

देठ लगेच थांबला. पाणी मात्र बराच वेळ हलत राहिलं.