माहेरची व्हॅन आणि राजूरचा घाट

आमच्या घरी गाडीच्या आधी माझं लायसन आलं. नवऱ्याच्या मित्राच्या जीपवर मी शिकले, परीक्षा दिली, पास झाले आणि ते कार्ड देवघरात गणपतीच्या मागं ठेवून दिलं. सासरे जेवताना म्हणायचे, "पाळणा आणला, बारसं ठरवलं, लेकराचा पत्ता नाही." मी ऐकून घ्यायची. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही, पण बोलत होते ते खरंच होतं.

देऊळघाटला आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. मेथी, कोथिंबीर, वांगे, टमाटे. इतकी वर्षं बुलढाण्याच्या बाजारात माल जायचा तो मोटारसायकलवर. पुढं नवरा, मागं मी, दोन्ही बाजूंना पोती आणि माझ्या मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी माझी ओळख होती. म्हणून व्हॅन घ्यायची ठरली, आणि ती मी चालवणार हे मी ठरवलं. मागं बसून बसून माझा जीव विटला होता. मला पुढं बसायचं होतं, हातात स्टिअरिंग घेऊन.

व्हॅन शोधलीही मीच, माझ्या माहेरी. माझं माहेर घाटाखाली, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा एक जण, ज्याला मी लहानपणापासून राखी बांधते, त्याला त्याची पांढरी व्हॅन विकायची होती. नवरा म्हणाला, "सोबत मिस्त्री नेऊ, इंजिन पाहून घेईन." मी उसळलेच.

"माह्या भावाच्या गाडीले मिस्त्री दाखवता? मंग मी राखी कायले बांधू?"

आमच्याकडे तशी रीतच आहे. बाजारातला बैल घेताना त्याचे दात पाहायचे, खुर पाहायचे, चार पावलं चालवून पाहायचा. सोयऱ्याधायऱ्याची वस्तू असली की नारळ फोडायचा आणि घेऊन यायची. तपासणं म्हणजे अपमान. आम्हीही तेच केलं. गाडीला हळद-कुंकू लावलं, पुढं झेंडूचा हार घातला, सासरे मागच्या सीटवर नारळाची वाटी घेऊन बसले. नवरा म्हणाला, "घाट मी चढवतो, वरून तू घे." निघालो.

सपाटीवर व्हॅन अशी पळाली की मी खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते. मोताळा मागं पडलं, राजूरचा घाट लागला आणि तिसऱ्या वळणाला सीट बुडाखालून गरम लागू लागली. त्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. मी म्हटलं, उन्हानं तापली असेल. पुढच्या वळणावर तापमानाचा काटा पाहिला तर तो लालमध्ये जाऊन टेकलेला. मग फुस्स्स करून अशी वाफ निघाली की आम्ही तिघं तीन दारांनी उड्या टाकल्या. झेंडूचा हार बिचारा वाफेत ओला होऊन लोंबत होता.

घाटात गाडी बंद पडली की आपल्याकडे माणसाला एकटं कोणी पडू देत नाही. जो तो थांबतो आणि जो तो सांगतो. एक म्हणाला पंखा फिरत नसंन. एक म्हणाला पाइप फुटला. एका आजोबांनी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली आणि म्हणाले, "लिंबू कुठं हाय? लिंबू-मिरची बांधली नाई तं असंच होते." पंखा फिरत होता. पाइप शाबूत होता. लिंबू मात्र खरंच बांधलं नव्हतं.

सासऱ्यांनी वाफेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोकायच्या सुना माहेराहून आंदण आणतात. आमच्या सुनेनं आधण आणलं."

दहा लोक हसले. मलाही हसू आलं, काय करणार. पण घरी पोचेपर्यंत गाडीला चार वेळा पाणी पाजावं लागलं आणि सासऱ्यांचं हसणं संपलं. त्यांनी माझ्याच फोनवरून माझ्या भावाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. "बहिणीले गाडी देल्ली का किटली देल्ली? लाज नाई वाटली?" पलीकडून तो फक्त म्हणाला, "मामाजी, गाडी परत आणा. मी घेतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासऱ्यांनी निकाल दिला. रविवारी राजूर घाट चढली तर गाडी आपली. नाही चढली तर ज्याची त्याला. झालं. म्हणजे माझं स्टिअरिंगही गेलं आणि माहेराचं नाकही. आता उठता-बसता "आधण, आधण" ऐकायचं आणि पुन्हा मांडीवर कोथिंबीर घ्यायची. रात्रभर मी त्या भावावर चिडत होते आणि तो असं करणार नाही असंही स्वतःलाच सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं नवरा-बायको त्या गाडीच्या मागं लागलो. आधी गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडाच, म्हणजे पाणी गळत नव्हतं. मग बुलढाण्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं ऑइलची काडी ओढून पाहिली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, गेलं असेल तर पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, असं तो म्हणाला. मी काडीवर वाकून उभी. हेड गेलं म्हणजे इंजिन उघडणं आलं, आणि तेवढं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. काडीवरचं ऑइल काळं निघालं. काळं ऑइल पाहून इतका आनंद झालेली बाई त्या मिस्त्रीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

"मंग थर्मोस्टॅट असंन," तो म्हणाला. इंजिन थंड असेपर्यंत पाणी अडवून धरायचं आणि तापलं की वाट मोकळी करायची, असं ते एक छोटंसं दार असतं. ते अडकलं की गाडी उकळते. त्यानं ते काढलं आणि म्हणाला, "फेकून देऊ. लोकं असंच चालवतात."

"तुमच्या घराचं दार अडकलं तं तुम्ही काढून फेकता का?" मी म्हटलं. "अडकलं हाय का नाई, हे तं पयले पाहा."

"पाहाचं असंन तं गरम पाण्यात टाकून पाहा लागते. उघडलं तं चांगलं. माह्याकडं गॅस नाई."

"माह्याकडं हाय," मी म्हटलं आणि ते पदरात गुंडाळून घरी आणलं.

चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात थर्मोस्टॅट सोडला. सासरे दारात येऊन म्हणाले, "चहा ठेवला का?" मी म्हटलं, "हाव. गाडीचा." ते ओसरीवर जाऊन बसले. पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि त्या दारानं हळूच तोंड उघडलं, चांगलं सणसणीत उघडलं. मी ओरडले, "अहो, उघडलं!" आणि लगेच वाईट वाटलं. दार चांगलं होतं, म्हणजे दुखणं अजून सापडलंच नव्हतं.

गॅस बंद केला, चिमट्यानं ते बाहेर काढलं आणि पुसायला घेतलं. त्याच्या कडेला पांढरा थर बसला होता. नखानं खरवडला तर तो खर्रर्र वाजला. तो आवाज मी ओळखला. दुसरा कोणताही आवाज विसरेन, तो नाही. माझ्या आईच्या घरी पाण्याचा हंडा, चहाचं पातेलं, आंघोळीचा बंब, सगळ्यांच्या बुडाला हाच थर. लहानपणी सुट्टीच्या दिवशी आम्हा बहिणींना हेच काम असायचं. त्या पट्ट्यात बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि भांड्याला आतून पांढरं कवच चढतं. मी फळीवरचं लिंबू कापलं आणि त्या थरावर पिळलं. बारीक फेस आला. अगदी घरच्या हंड्यासारखाच.

तशीच उठले आणि भावाला फोन लावला. तो घाबरतच "हा, ताई" म्हणाला.

"भाऊ, खरं सांग. गाडीत पाणी कोणतं टाकत होता?"

"बोअरचं. अजून कोणतं? अवं ताई, रोज सकाळी मी चहा नंतर प्यायलो, पयले गाडीले पाणी पाजलं. एक दिवस तिले तहानली नाई ठेवली. देवाशपथ."

मी हसायला लागले ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. या माणसानं फसवलं नव्हतंच. लेकराला चमच्यानं पाजावं तसं त्यानं त्या गाडीला रोज खारं पाणी पाजलं होतं. मायेनं पाजून पाजून तिच्या नळ्या बुजवल्या होत्या! सपाटीवर तेवढ्यात निभावायचं. घाट चढायचा म्हटला की तिचा दम कोंडायचा.

नवऱ्याला म्हटलं, गाडी चालू करा. तापली तशी बंद केली आणि मी पुढून खालून हात घालून, लेकराचा ताप पाहावा तसा, रेडिएटर म्हणजे पाणी गार करणारी नळ्यांची जाळी चाचपली. वर चटका बसत होता, खाली गारढोण. अर्ध्याच्या वर नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं. मिस्त्रीला बोलावून त्याचाही हात तिथं लावला. "बरोबर हाय, वहिनी," तो म्हणाला, "रेडिएटरच चोक हाय."

हंड्याला जे औषध, तेच गाडीला. माहेरी आम्ही किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात कालवून हंड्यात ठेवायचो. मिस्त्री म्हणाला, चालते, फक्त जास्त वेळ ठेवू नका, धातू खाऊन टाकंन. आम्ही ते पाणी रेडिएटरमध्ये भरलं, गाडी चालू ठेवली, थंड होऊ दिली आणि खालची तोटी सोडली. आधी पांढरं, चुना कालवल्यासारखं पाणी आलं, मग गंजाचं तांबडं. अंगणभर ओघळ गेला. पुन्हा साधं पाणी, पुन्हा सोडलं, शेवटी नितळ आलं तेव्हा नवरा अंगणातच नाचला. मग थर्मोस्टॅट त्याच्या जागी बसवला, फिल्टरचं पाणी आणि हिरवं कूलंट भरलं, आणि पुन्हा हात लावला. वर चटका, खालीही चटका. चटका बसला म्हणून आनंदानं ओरडणारी मी गल्लीत पहिलीच असेन.

रविवारी बाजार सकाळीच उरकला. मी गणपतीच्या मागून लायसन काढलं आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. नवरा मागं. सासरे माझ्या शेजारी, हात मांडीवर, नजर काट्यावर. घाट उतरलो, खाली गाडी वळवली आणि चढायला लागलो. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणाला मी सीट गरम लागते का ते पाहत होते आणि पुढं ट्रक होता हे विसरत होते. काटा मधे आला आणि तिथंच बसला. मागच्या रविवारी जिथं वाफ निघाली होती ते वळण गेलं. काटा जागचा हलला नाही. वरती आल्यावर मी गाडी कडेला घेतली, कारण मला दिसतच नव्हतं, डोळे भरले होते.

सासऱ्यांनी काट्यावरची नजर काढली. मग म्हणाले, "फिरव गाडी."

"काऊन?"

"तुह्या माहेरी जाऊ. त्या पोराले मी लय बोललो."

पुन्हा घाट उतरलो. भावाच्या दारात गाडी उभी केली तर तो आतून धावत आला, तो बादली घेऊनच. आमच्याकडे पाहिलंही नाही. "घाटातून आली, तापली असंन," म्हणत तो थेट गाडीच्या तोंडाकडे निघाला. "पयले इले पाणी पाजतो."

"नको!" आम्ही दोघं नवरा-बायको एकदम ओरडलो. मी उडी मारून गाडीच्या आडवी उभी राहिले.

"भाऊ, तिले नको. मले पाज."

त्यानं गोंधळून तांब्या भरला. मी तोंडाला लावला आणि संपवला. खारं! इतक्या वर्षांत मी ती चव विसरले होते. सासऱ्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, बादलीतून भरला आणि उभ्याउभ्या प्यायला. त्यांचं तोंड असं झालं की माझा भाऊ हसायला लागला. "बाप्पा," ते म्हणाले, "हे पिऊन पोरगी एवढी टणक निघाली, गाडी काय चीज हाय!" आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

जेवूनच निघालो. येताना मीच चालवत होते. घाट लागला, पहिलं वळण घेतलं आणि सवयीनं शेजारी पाहिलं. काट्यावर नजर ठेवायला म्हणून आलेले सासरे तोंड उघडं टाकून घोरत होते.