गच्चीचा उतार

तरुणपणी मी एकदा स्वतःच्याच पापडांवर बादलीभर पाणी ओतलं. आज समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळताना दिसले आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

तेव्हा आमच्या गच्चीच्या एका टोकाला माझे उडदाचे पापड असत आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या हिराबाईंचे बोंबील. त्यांचा वास माझ्या पापडांना लागतो, अशी माझी ठाम समजूत. बावीस वर्षांची मी. अक्कल पावशेर आणि नाक शेरभर! बाई खाली गेलेल्या पाहून, मधली जागा धुऊन काढावी म्हणून मी बादली ओतली. गच्चीचा उतार माझ्याच बाजूला आहे, हे पाण्याला माहीत होतं, मला नव्हतं. पापडांचा पार लगदा झाला. सासूबाईंना आता काय सांगू, म्हणून मी तिथेच रडत बसले.

पुढे याच बाईंशी मी देवावरून, निवडणुकांवरून, माशांवरून चाळीस वर्षं भांडले. बोंबील मी आजही खात नाही, पण माझ्या कितीतरी ठाम समजुती त्या भांडणांत विरघळून गेल्या. माझ्यासारख्याच माणसांत राहिले असते, तर मी अजून बावीस वर्षांचीच असते.

त्या दुपारी हिराबाई वर आल्या, रिकाम्या बादलीकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. ओला लगदा गोळा करायला माझ्याशेजारी बसत म्हणाल्या, "तीन वर्षं शेजारी राहतो आपण, वहिनी. वास येतो, तर तोंडावर सांगायचं होतं. दोन दिवस भांडलो असतो, तिसऱ्या दिवशी बोलायला तरी लागलो असतो."