बेशरमीवरच्या अळ्या आणि आम्ही तिघं

चार लोक जमले की कोणी ऑफिसचे किस्से सांगतं, कोणी सासरचे. माझ्याकडे अळ्यांचे आहेत! सांगायचे नाहीत असं ठरवते, पण चहा आला की तोंड उघडतंच.

आम्ही तिघं. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वैशाली मॅडम, त्यांच्याकडे पीएचडी करणारा करडीचा सुगत, आणि प्रोजेक्टवर काम करणारी मी. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या जीव वाचवायला रसायनं कशी वापरतात आणि ही युक्ती त्यांच्यात आली कशी, हा आमचा विषय. विषय गंभीर आहे. लोक त्याला गंभीर राहू देत नाहीत!

*

सुगतच्या आईनं एकदा जेवताना विचारलं, "कायचा डाक्टर होऊन राहिला बाबू तू?"

सुगतनं रंगात येऊन सांगितलं. तलावाकाठी माजणाऱ्या बेशरमीच्या झुडपांवर, पानांवर अळ्या असतात. त्या आपलीच शी पाठीवर ढालीसारखी घेऊन फिरतात. त्यात पानातलं विष असतं, म्हणून मुंग्या जवळ येत नाहीत.

आई भात वाढता वाढता थांबली. "लाहानपनी तू बी असाच फिरे. तवा तुयावर कोनी पीएचडी नाही केली!"

*

लाखांदूरहून एसटीनं परत येत होतो. गाडी खच्चून भरलेली. सुगतच्या हातात डबा, डब्यात दुसऱ्याच जातीच्या अळ्या. यांना डिवचलं की पाठीवरच्या ग्रंथींतून थेंब बाहेर येतात. धोका टळला की थेंब परत आत! वाया काही घालवत नाहीत.

गाडी खड्ड्यात आदळली, झाकण उडालं, आणि असा उग्र वास सुटला की शेजारच्या सीटवरचे दोघं नाक दाबून दाराकडे सरकले. कंडक्टर ओरडला, "कोनाची सुकट हाय रे?"

एक आजोबा पिशवी छातीशी धरून तडकले, "मायी सुकट असा वास नाही मारत!"

सुगत खजील. मॅडम मात्र रिकाम्या सीटवर ऐसपैस बसल्या. "पाहिलंस? डिफेन्स असा काम करतो!"

*

वर्गात मॅडम उत्क्रांती शिकवत होत्या. थेंब काढणाऱ्या अळ्यांचे पूर्वज विष स्वतःच्या शरीरात बनवायचे. पुढे काही जाती झाडातलाच कच्चा माल घेऊन काम भागवू लागल्या. मेहनत वाचली, पण त्या झाडावर अवलंबून राहणं आलं.

मागच्या बाकावरून होस्टेलची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, आधी रूमवर स्वयंपाक, मग मेस लावली!"

मॅडम आता तेच उदाहरण देतात. स्वतःचं म्हणून!

*

मुंग्या शीच्या ढालीला घाबरतात, मग कोंबडी घाबरते का? हे बघायला सुगत अळ्या घेऊन माझ्या घरी, एकोडीला आला. माझ्या आत्याच्या कोंबडीनं ढालीसकट सगळ्या फस्त केल्या आणि आणखी मागायला पायात आली.

"आत्या, हिले घाण नाही वाटली काय?" सुगतनं विचारलं.

"घान?" आत्या म्हणाली. "कोंबडी तं रोज उकिरड्यावरच जेवते, बाप्पा!"

*

हा मात्र माझा सगळ्यात आवडता.

सुगतचा शेवटचा सीझन होता. अळ्या मोठ्या होईपर्यंत पाहायच्या, की थिसिस पूर्ण, आणि मग लग्न. मुलीकडचे आधीच विचारून राहिले होते. आम्ही सकाळी करडीच्या तलावावर पोचलो तर पाळीच्या बांधावर बायांची रांग, हातात विळे. साफसफाई! अर्धी बेशरम आडवी झाली होती.

सुगत ओरडत धावला, "मावशी, थांबा! किडे हायेत त्याच्यात!"

"मंग कापूनच राहिलो ना!" बाया हसल्या.

तो रडायच्या बेतात होता. काही सुचेना, तेव्हा त्यानं भिंग सगळ्यात पुढच्या बाईच्या हातात दिलं. तिनं पान उलटलं, वाकून पाहिलं. अळीनं लगेच पाठीवरची ढाल उभारली. बाई भिंग सोडेना. मागून हाका आल्या, तरी सोडेना.

"आपलीच घान अंगावर घेऊन फिरते? कायले?"

"जवळ कोणी येऊ नये म्हणून."

"हिले हे कोनं शिकवलं?"

सुगतनं सगळी उत्क्रांती सांगायला तोंड उघडलं. मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोणीच नाही, मावशी."

"मंग आमच्यासारखंच," ती म्हणाली.

भिंग परत दिलं, विळा उचलला, आणि त्या झुडपाला वळसा घालून ती पुढे कापत गेली. मागच्या बायांनीही तसाच वळसा घातला.