कोंबड्यांच्या गाडीतला फॅन क्लच

काकांवर सूड उगवायचा हे मी ठरवलं, तेव्हा फॅन क्लच म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं.

बाबांची मिनीबस माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर बाबांनी ती घेतली, आतल्या सीट काढल्या आणि दोन पलंग, एक सिंक, शेगडी, निळे पडदे असं चाकांवरचं घर स्वतःच्या हातांनी उभं केलं. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात सायकल वळवायची मारामार, म्हणून गाडी अक्कलकोट रोडला काकांच्या टॉवेलच्या कारखान्यासमोर उभी असायची. जागा काकांची, त्यामुळे गाडीबद्दल बोलायचा हक्कही काकांचा.

गेल्या दिवाळीत सगळं खानदान तिच्यात बसून निघालं आणि मोडनिंबजवळ इंजिन उकळलं. पंख्याचं पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसलं होतं. बाबा रिकामा कॅन धरून रस्त्याकडेला उभे, शर्टावर गंजकं पाणी. काकांनी व्हिडिओ काढला. "दादा, तुझं घर उकळलं की रे! आता चहापत्ती टाक!" सगळे हसले. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, तिथेही सगळे हसले. मी त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. काका म्हणतात, इंग्लिश मीडियमची पोरगी, तोंडात बूच. व्हिडिओ मात्र मी रोज बघायचे, बाबांच्या चेहऱ्यापाशी थांबवून.

बाबांनी रेडिएटर दुरुस्त केला, पंखा नवा आणला. क्लच काही मिळाला नाही, आणि त्यांनी गाडीकडे जाणंच सोडलं. मग या उन्हाळ्यात काका म्हणाले, "रविवारी भंगारवाला क्रेन आणतोय. स्वतःच्या इंजिनावर गेटाबाहेर गेली तर तुझी, नाहीतर त्याची."

बाबा "बरं" म्हणाले. ते "बरं" मला सहन झालं नाही.

हातात सहा दिवस होते. नेटवर मॅन्युअल सापडलं, इंग्रजीत. इंग्लिश मीडियमचा निदान एवढा उपयोग झाला. इंजिन थंड असताना पंख्याला थोडं घसरू द्यायचं आणि तापलं की घट्ट धरायचं, एवढंच त्या वाटीएवढ्या लोखंडी डब्याचं काम. आत दाट तेल असतं, तेच ही पकड सांभाळतं.

पण सोलापुरात स्पेअर पार्टच्या दुकानात मॅन्युअल चालत नाही. "सॅम्पल आणलंय का?" हा पहिला प्रश्न. जुना तुकडा काउंटरवर ठेवल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. दुसरा प्रश्न, "घरातलं कुणी नाही आलं?" तुटका क्लच पलंगाखालच्या खोक्यात होता. काकांच्याच कारखान्यातल्या, दोरे सुटलेल्या टॉवेलात गुंडाळून तो मी पाठीवरच्या बॅगेत घातला आणि दोन दिवस फिरले. सहा दुकानदारांनी तो नीट न बघताच मान हलवली.

सातवे होते जुन्या पार्टचे एक म्हातारे चाचा. त्यांनी क्लचवरचं ग्रीस रॉकेलने धुतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ये कौन करा बेटा? मेकॅनिक था के कसाई?"

"काय झालं?"

"आरपार छेद मारके बोल्ट ठोका. तेल पूरा बह गया, पंखा इंजिन से जाम. हर घडी पूरी रफ्तार में घूमा, तो पाता टूटा. और ये बोल्ट गाडी का नै, लूम का है. बीस साल लूम चलाया मैं, मेरे कू सिखाना नको."

मी काहीच शिकवत नव्हते. मला दिवाळीआधीची सकाळ आठवत होती. काका पंखा हाताने फिरवून म्हणाले होते, "ढिला फिरतोय की दादा. माझा जॉबर घट्ट करून देईल." जॉबर म्हणजे त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे. लूमवर काही घसरलं की कापड बिघडतं, म्हणून जे घसरतं ते आवळायचं. काकांच्या लेखी जगात दुसरं यंत्रच नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला.

चाचांकडे तसा क्लच नव्हता. पण मोडनिंबला एका शेतात अशीच मिनीबस पडली होती. तिचा गिअरबॉक्स कधीकाळी त्यांनीच आणला होता. त्यांनी मला नट खोलायचे पाने दिले. दुसऱ्या दिवशी मी एसटीने गेले.

"आवो ताई, त्यात आमच्या कोंबड्या हायत," शेतातल्या बाई म्हणाल्या.

"मला फक्त इंजिनाचा एक भाग हवाय."

"घिऊन जा की. कोंबड्यांना इंजिन कशाला? निस्तं दार लावून घ्या, लाल कोंबडा लई द्वाड हाय."

चार नट, रॉकेल आणि दोन तास. कोंबड्याने घोट्याला दोनदा चोच मारली. परतल्यावर चाचांनी क्लच फिरवून पाहिला. तो जड, संथ फिरला. "जिंदा है," ते म्हणाले.

घरी मी जुना क्लच बोल्टासकट बाबांसमोर ठेवला.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"लहान आहे तो."

काका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.

शनिवारी आम्ही दोघांनी क्लच बसवला. रविवारी क्रेन आली. काका खुर्ची टाकून बसले होते, कारखान्यातले लोक जमले होते. बाबांनी इंजिन सुरू केलं. "थांबा, उकळेल," काका म्हणाले. वीस मिनिटं झाली. मग पंख्याचा आवाज एकदम भरदार झाला आणि तापमानाचा काटा अर्ध्यावर थांबला.

मी गाडीतून खाली उतरले. जुना क्लच काकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "काका, सॅम्पल. बोल्ट तुमच्याच लूमचा आहे. त्यानेच गाडी उकळली."

काकांनी बोल्टाकडे पाहिलं आणि जॉबरवर ओरडले, "काय हे?"

"मालक, तुमीच म्हणलात की, आवळून टाक."

आधी क्रेनवाला हसला. मग बाकीचे.

गाडी गेटाबाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "सगळ्यांसमोर नको होतंस."

"तुमच्या वेळी सगळेच होते."

मोडनिंबला, त्याच वळणावर, मी त्यांना थांबायला लावलं. इंजिन चालूच ठेवून मी अर्ध्यावरच्या काट्याचा फोटो काढला. ग्रुपवर मागे मागे जाऊन काकांचा व्हिडिओ शोधला आणि त्याच्याखालीच तो टाकला. पहिल्यांदाच लिहीत होते, म्हणून शब्द नीट तपासले.

"काका, चहापत्ती आणलीय. पाणी उकळत नाही."

बाबांनी फोन मागितला. मी दिला नाही.