न फाटणारा कागद

आमच्या घराण्यात टॉयलेट पेपर वापरणारा पहिला पुरुष म्हणजे आमचे हे. त्यांच्याआधीच्या पिढ्या टमरेलावर सुखाने जगल्या आणि सुखाने गेल्या.

ह्यांचा उभा जन्म चादरी आणि टॉवेलच्या धंद्यात गेला. शुक्रवार पेठेतलं दुकान आता पुतण्या बघतो आणि आम्ही दोघं जुळे सोलापुरात लहानशा घरात राहतो. दुकान सुटलं, पण ह्यांची बोटं काही सुटली नाहीत. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी पडद्याचं टोक अंगठ्यानं चोळून बघतात. एकदा तर एका लग्नात नवरदेवाच्या उपरण्याला हात घातला होता. (नवरदेवाला वाटलं, आहेर करताहेत. बिचारा वाकला.)

आमचा मुलगा मल्लिनाथ जर्मनीत असतो. मागच्या खेपेला तो आला तेव्हा आमची नात अन्वी तीन वर्षांची होती. घरातला उकिडवं बसायचा संडास बघून तिनं असा हंबरडा फोडला की शेजारचे विचारायला आले. मी त्या भोकात पडणार, एवढंच ती म्हणत राहिली. दुसऱ्याच दिवशी सगळे पुण्याला गेले, सुनेच्या माहेरी. तिथे कमोड होता, म्हणून उरलेली सगळी सुट्टी तिथेच. विहीणबाई रोज फोन करून सांगायच्या, अन्वी माझ्याच कुशीत झोपते हो. मी म्हणायची, अगं बाई, किती छान. आणि फोन ठेवून भाकरी अशी थापायची की ओटा हलायचा. आजीपण एका भांड्यावर हरले होते मी.

यंदा मल्लिनाथचा फोन आला की पंधरा दिवस सोलापूरलाच राहणार, पुण्याला फक्त जाता जाता भेट. मला आनंदानं काही सुचेना. ह्यांना मात्र सुचलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

आधी जुना संडास फोडून कमोड बसवला. इथवर शहाणपण होतं. मग ह्यांच्या डोक्यात आलं की तिकडची माणसं पाणी वापरत नाहीत, कागद लागतो. लगेच मोबाईल घेऊन अभ्यास सुरू. रोज सकाळी मी पोहे वाढायचे आणि हे इतिहास वाढायचे. चीनच्या बादशहाकडे म्हणे फार पूर्वीपासून खास कागद असायचा. अमेरिकेतले शेतकरी मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं वापरायचे, मग जुनी वर्तमानपत्रं आली, मग गुंडाळी आली. मी म्हटलं, आमच्या माहेरी रानात दगड होते, त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही. शिवाय मला कागदाला पाय लागला तरी नमस्कार करायची सवय. सरस्वती ती. तिचं हे काय करायला निघालात, असंही विचारलं. ह्यांनी ऐकलं नाही. मल्लिनाथला एकदा विचारून घ्या, एवढं तरी म्हटलं, तर म्हणाले, पोटच्या पोराला असलं काय विचारायचं. खरं सांगायचं तर मलाही ते जमलं नसतं. दर रविवारी व्हिडिओवर बोलतो आम्ही. तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती, जेवलास का, जेवलो. झालं.

मग हे कागद आणायला गेले, आणि मीही गेले, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. दुकानदारानं टॉयलेट पेपर काढून दिला. ह्यांनी तो दोन बोटांत चोळला, उजेडात धरला आणि वाटीभर पाणी मागितलं. पाण्यात टाकताच कागदाचा लगदा झाला.

"हा तर कच्चा माल हाय की," हे म्हणाले. "पाण्यात घातल्यावर टिकत न्हाई तो माल माझ्या सुनेला देऊ व्हय?"

मग एकेक गुंडाळी वाटीतून गेली. शेवटी एक जाड, खडबडीत गुंडाळी पास झाली. भिजवली, पिळली, पुन्हा झटकली तरी अखंड. दुकानदार म्हणाला की काका, ती स्वयंपाकघरातला ओटा पुसायची आहे. हे म्हणाले, पुसणं ते पुसणंच. आणि आख्खं खोकं उचललं. घाऊकशिवाय ह्यांनी आयुष्यात काही घेतलेलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण ह्यांचं म्हणणं, पाहुणे यायच्या आधी आपल्याला सराव पाहिजे. सुनेनं विचारलं कसं वाटतं, तर काय सांगणार? आणि आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. पिंप भरून ठेवायचं आणि काटकसरीनं वापरायचं. त्यात हा कागद मिळाला म्हणजे ह्यांना कुबेरच भेटला. पाण्याची केवढी बचत, असं म्हणत वर एक तांब्या ओतायचे आणि बाहेर यायचे, ते युद्ध जिंकल्यासारखे. मी तोंड वाकडं केलं तर म्हणायचे, तुला प्रगती बघवत न्हाई. पाणी जरा सावकाश उतरतंय, हे मी दोनदा बोलून दाखवलं. नवीन आहे, सवय होईल, म्हणाले. कुणाला सवय होणार होती, कमोडला?

मुलं आली. दारात ओवाळलं. अन्वी एवढी उंच झालेली, आज्जी म्हणून गळ्यात पडली. मला वाटलं, जिंकले. मी तिच्यासाठी माझ्या गादीशेजारी नवी गादी घातली होती, नवी चादर, नवी उशी. प्रवासातून आल्याबरोबर सून आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा बारीक आवाज आला, "आई, जरा येता का?" मी दार उघडलं तर पाणी खाली जायचं सोडून वर येत होतं. आणि फरशीवरून हळूहळू माझ्याकडे.

प्लंबरला बोलावलं. त्यानं तारेचं वेटोळं आत घातलं, ओढलं, आणि एक लांबलचक पांढरट दोर बाहेर यायला लागला. सगळं घर बघतंय. सून तोंडाला रुमाल लावून, अन्वी बापाच्या कमरेला चिकटून. आणि आमचे हे पुढे वाकून, चष्मा सावरून म्हणाले, "बघ की, अजून फाटला न्हाई."

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर.

मल्लिनाथनं विचारलं, हा कागद कशाला आणला. हे म्हणाले, तुमच्यासाठीच की. त्यानं अन्वीला जरा मागे सरकवलं. मग म्हणाला, "बाबा, तिकडे घर घेतलं तेव्हाच मी पाण्याचा जेट बसवून घेतला. अन्वीलासुद्धा पाणीच लागतं. इथे एक मग ठेवला असता तरी चाललं असतं." आमच्याकडे तर तीन-तीन मग होते. गुलाबी, निळा, पिंपातला मोठा. ते सगळे मी पाहुणे येणार म्हणून माळ्यावर टाकले होते.

कागद पार रस्त्याकडच्या पाइपापर्यंत गेला होता. फरशी फोडावी लागणार, सिमेंट वाळेपर्यंत संडास बंद. बॅगा उघडल्याच नव्हत्या, तशाच रिक्षात गेल्या आणि मुलं हॉटेलात राहिली. नव्या चादरीची घडीसुद्धा मोडली नाही. मी रडले. लपवून वगैरे नाही, चांगली भोकाड पसरून रडले, आणि रडता रडता ह्यांना जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

पण घरात संडास नव्हता तो आम्हालाही नव्हता. शेजाऱ्यांकडे एकदा गेले, दुसऱ्यांदा जायची लाज वाटली. मग रोज सकाळी उठायचं, डब्यात धपाटे, शेंगाची चटणी, दही घ्यायचं आणि रिक्षानं हॉटेल गाठायचं. डबा नातीसाठी असायचा, हे मी शपथेवर सांगते. पण पोचेपर्यंत आमची अशी अवस्था असायची की मी डबा सुनेच्या हातात द्यायची आणि थेट आत. मी बाहेर आले की हे आत. त्यानंतर मग, काय गं बाळा, झोप लागली का. दोन-तीन दिवसांत अन्वी शिकली. दार उघडायची आणि न बोलता बाजूला व्हायची. चौथ्या दिवशी आतला दिवासुद्धा लावून ठेवला होता तिनं.

गवंडी आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला आणि पंधरा दिवस असे गेले. तिला एक रात्र कुशीत घ्यायचं राहिलं ते राहिलंच. निघायच्या दिवशी गाडीत बॅगा चढल्या, विहीणबाईंचा दोनदा फोन येऊन गेला, आणि अन्वी परत खाली उतरून माझ्या कमरेला मिठी मारून हुंदके द्यायला लागली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, रडू नको बाळा, पुढच्या वर्षी ये. तर डोळे पुसत म्हणाली, "आज्जी, पण उद्यापासून तुम्ही शी करायला कुठे जाणार?"

आता कुणी विचारलं की सांगते, नातीचा आमच्यावर फार जीव, निघताना आमच्या काळजीनं ढसाढसा रडली. कसली काळजी, ते मात्र सांगत नाही.